प्रश्नचिन्हांचे फोल्डर

लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी बुकिंग बघते. ऑफिसच्या मेलमध्ये मी आमचे कॅम्प असलेल्या गावांचे फोल्डर केले होते आणि त्यांना मराठीत नावं दिली होती: पवनानगर, शिरगाव, सोमाटणे. मालकांच्या कॉम्प्युटरवाल्याने नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि त्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. मी त्याला फोन केला.

"मॅडम, नावं इंग्रजीत ठेवा ना. मराठीचा त्रास होतोच," तो म्हणाला.

त्या गोंधळात पवनानगरच्या कॅम्पवर येणारी सहल रद्द झाल्याचा मेल माझ्या नजरेतून सुटला. तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशी पहाटेपासून राबल्या. दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, कुनीच आलं न्हाई. एवढ्या भाकऱ्या आमी कुनाला घालायच्या?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून घेतलं. "नावं दिसल्याशिवाय इथून हलायचं नाही," असं बजावून त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्याने सेटिंग उघडून भाषेचा एक पर्याय बदलला. सगळी नावं लगेच परत आली.

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो, पण मराठीत फोल्डर कोण ठेवतं?"

"मी ठेवते!" मी ओरडलेच. "आता पवनानगरला जा आणि मावशींना तोंडावर सांगा, त्यांची मेहनत का वाया गेली ते."

तो गेला. मावशींनी त्याची माफी ऐकून घेतली आणि त्यालाच जेवायला बसवलं. मी असते तर पाणीसुद्धा विचारलं नसतं.