आन्सेल्मोकाकांची पिवळी शाल

हॅमिल्टनच्या त्या घरात आम्ही बेसमेंटमध्ये राहत होतो तेव्हा दुपार झाल्याचं मला कळे ते उजेडावरून नव्हे, वासावरून. हीटिंगच्या जाळीतून ऑलिव्हच्या तेलात परतलेल्या लसणाचा वास खाली उतरू लागला की समजावं, वर आन्सेल्मोकाका स्वयंपाकाला लागले. खिडकी होती, पण जमिनीलगतची; नोव्हेंबरात तिच्यातून दिसत ती मेपलची ओली, तांबूस पानं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट. नवरा वॉन नावाच्या गावी गोदामात कामाला जाई, आणि मी, नागपूरची स्थापत्य अभियंता, ‘कॅनेडियन एक्सपिरिअन्स नाही’ हे फोनवर ऐकत घरात बसून असे. चिडचिड हाच माझा त्या काळातला स्थायीभाव होता.

काका आमच्या घरमालकिणीचे वडील. ती इथे इस्पितळात नर्स; आई गेल्यावर तिने त्यांना स्पेनहून आणलं होतं. तिकडे ते उभं आयुष्य विनोदी नट होते. फिरत्या नाटक कंपनीत त्यांनी पलंगाखाली लपणारे नवरे केले, बावळट कारकून केले, चर्चमधला बहिरा घंटावाला तर इतक्या गावांत केला की मुलं रस्त्यात त्यांच्या कानाशी येऊन ओरडत. हुकूमशाहीच्या दिवसांत सेन्सॉर त्यांची चांगली चांगली वाक्यं कापून टाकी. मग काका त्या कापलेल्या वाक्याच्या जागी नुसते थांबत, एक भुवई उंचावून, आणि सभागृह हास्यात बुडून जाई. “न बोललेलं कोण कापणार?” आपल्या तुटपुंज्या इंग्रजीत ते मला सांगत. पुढे सिनेमे आले, टीव्ही आला. भाजी घ्यायला गेलं तरी लोक गराडा घालत.

इथे ग्रोसरीच्या रांगेत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. टोरांटोला एकदा ऑडिशनला गेले, तर वेटरच्या दोन ओळी हातात दिल्या आणि उच्चार अजून वेडेवाकडे करा म्हणून सांगितलं. त्यांच्या नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट्स त्यांनी सोबत आणल्या होत्या, पण तिकडची पद्धत वेगळी असल्याने त्या इथल्या यंत्रावर चालत नसत. पडद्यावर नुसत्या करड्या रेघा थरथरत. त्या रेघांकडे बोट दाखवून ते म्हणत, “हा मी.” मला हसावं की रडावं कळत नसे.

एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरात खुर्ची ओढली आणि माझ्यापुरता एक प्रवेश केला. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागण्याची वाट पाहणारा माणूस. एकही शब्द नाही. कित्येक महिन्यांनी मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्याच संध्याकाळी मी मराठी मंडळाच्या चिटणिसांना, देवधरांना, फोन लावला. दिवाळीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळाली. काकांनी इस्त्री केलेला काळा कोट कपाटातून बाहेर काढला; एरवी सोफ्यात रुतून बसणारा तो माणूस ताठ चालू लागला. “पुन्हा एकदा लोकांसमोर,” ते म्हणाले, “मग काही नको.” अट एकच घातली. त्यांच्याकडे रंगमंचावर पिवळा रंग अत्यंत अपशकुनी; पिवळी गुंडीदेखील चालत नाही. मी देवधरांना बजावून सांगितलं. ते हसले. “अहो, पिवळं तर शुभ! काळजी करू नका.”

शाळेच्या सभागृहात अत्तर आणि बटाटेवड्यांचा संमिश्र दरवळ होता. काका प्रकाशात आले, खुर्चीवर बसले, गाल धरला. तेवढ्यात माइक घेऊन देवधर शिरले. “आधी पाहुण्यांचा सत्कार! पाहुण्याला रिकामं कसं ठेवायचं?” आणि काकांच्या खांद्यांवर हळदीसारखी पिवळीधमक शाल पडली. काकांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी दोन बोटांनी शाल उतरवून खुर्चीवर ठेवली. घसरली असेल म्हणून देवधरांनी ती पुन्हा पांघरली. सभागृह हसलं. मग झेंडूचा हार आला. काका मागे सरले, देवधर मागोमाग. हार गळ्यात पडला, नारळ हातांत आला, आणि हात अडकल्यामुळे काकांना काहीच काढता येईना. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. पडद्याआडून मी देवधरांना जिवाच्या आकांताने खुणा करत होते. त्यांनी ‘छान चाललंय’ म्हणून मला अंगठा उंचावून दाखवला.

“वा! पोट दुखलं हसून! आता जेवण गरम आहे तोवर…” खुर्च्या सरकल्या. दहा मिनिटं संपली होती. मला त्या क्षणी देवधरांचा नारळ त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला.

परतताना गाडीत काकांच्या मांडीवर शाल होती, उलटी घडी केलेली.

“हसले ना?” त्यांनी विचारलं.

“खूप.”

“पण सेन्योरा, मी अजून सुरूच केलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी जाळीतून लसणाचा वास आला नाही. फोन मात्र आला, कुठल्याशा बांधकाम कंपनीचा. पलीकडचा माणूस प्रसन्नपणे म्हणाला, “युवर इंग्लिश इज व्हेरी गुड! अनफॉर्च्युनेटली…”

“थांबा,” मी म्हणाले. “मी अजून सुरूच केलेलं नाही.”

तो गप्प झाला. मीही लगेच काही बोलले नाही. खिडकीबाहेर कुणाचे तरी बूट थबकले होते, वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि माझी एक भुवई आपोआप वर गेली होती.