आबांच्या स्टोअरचा रिपोर्ट

झेंडूचा वाळलेला हार कुठे लटकताना दिसला की ती घटना आजही माझ्यासमोर उभी राहते. तक्रार चोरीची होती, पण तिची आठवण आली की मन कडू होत नाही. पोलीस खात्यात अख्खी नोकरी घालवलेल्या माणसाजवळ अशा आठवणी फार नसतात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका ठाण्याला मी फौजदार होतो. आमच्याकडच्या तक्रारी ठरलेल्या: सायकलची चोरी, तांब्याची तार, पगाराच्या संध्याकाळी झालेली हाणामारी. दिवाळी तोंडावर आली की कंपन्यांमधून माल बाहेर काढणाऱ्यांचे हात जरा जास्तच चालायचे. त्यामुळे दसरा झाला की मी खबऱ्यांना कामाला लावत असे.

त्यातल्याच एकाची एका मोठ्या कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी होती. तो येऊन म्हणाला, "साहेब, स्टोअरचा म्हातारा पिशवी भरून न्हेतोय. वॉचमन हात बी लावत न्हाई. आबा आबा करत्यात नुसते."

दोन दिवसांत त्याच कारखान्याचे सुरक्षा अधिकारी लेखी तक्रार घेऊन हजर झाले. स्टोअरमधून बेअरिंग गायब होती. कंपनीने नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि प्रत्येक खात्यात किती माल आला, किती गेला, किती उरला याचा रिपोर्ट महिन्याच्या महिन्याला त्यातून छापून निघायचा. रिपोर्ट म्हणत होता की रॅकवर भरपूर बेअरिंग शिल्लक आहेत. रॅकवर त्या मानाने फारच थोडी होती. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही, म्हाताऱ्याला अटक करा.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि अटकेचं नंतर बघू म्हणून त्यांची बोळवण केली. संध्याकाळी शिफ्ट सुटताना दोन पंच घेऊन गेटबाहेर उभा राहिलो.

आबा सायकल हातात धरून आले. टोपी, धोतर, वर कंपनीचा खाकी कोट. निगडीकडच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन कारखान्यात गेली, तिच्या बदल्यात ही नोकरी मिळाली. पिशवी उघडायला सांगितली तर त्यांनी काही कुरकुर केली नाही. आत कागदांची जाडजूड चळत निघाली. रुंद कागद, एका बाजूला छापील आकडे, दुसरी बाजू कोरी.

"ह्यो रद्दीतला माल हाय साहेब, गेटपास हाय त्याचा," आबा म्हणाले. "गावच्या शाळंत देतो. पोरं मागल्या अंगाला चित्रं काढत्यात."

गेटपास खरा होता. पंचनामा झाला, पण बेअरिंगचा प्रश्न तसाच राहिला. मी आबांना ठाण्यावर बोलावलं. चौकशीत माझी एक पद्धत होती. खऱ्या चोराला बसायला खुर्ची दिली की तो अस्वस्थ होतो, कारण त्याने शिव्यांची तयारी केलेली असते. आबांना खुर्ची दिली तर ते कोट सारखा करून निवांत बसले आणि मला म्हणाले, "तुमी बी बसा की."

"माल कुणी नेला, आबा?"

"म्या न्हाई न्हेला. मागितला त्याला चिठ्ठी घिऊन दिला."

"मग रिपोर्ट खोटा आहे म्हणायचा?"

इथे म्हातारा कोटाचं बटण चाचपू लागला. आवाज चढवला तर खाली बघून म्हणाले, "तसं म्या म्हनलो न्हाई. रिपोर्ट खोटा न्हाई."

माझं डोकं सटकलं. चोरी केली नाही म्हणतो, आणि चोरी दाखवणारा कागद खरा म्हणतो! असला आरोपी मी पाहिला नव्हता. शेवटी चहा मागवला आणि वही बाजूला सारून म्हटलं, "आबा, मी आत्ता काही लिहीत नाही. काय असेल ते सांगा."

चहा अर्धा झाल्यावर ते बोलले. "त्यो रिपोर्ट एका पोरीनं बनिवलाय साहेब. आमच्याच वसाहतीत कामगाराची लेक. समद्या हापिसात एकली बाई. मोठं साहेब म्हनत व्हतं, पोरीला काय जमतंय. म्हयनाभर माझ्या स्टोअरात बसून तिनं इचारलं, आबा, तुमी माल कसा देता, चिठ्ठी कशी फाडता. मग कुठं रिपोर्ट झाला. आता म्या खोटा म्हनलो तर तिला काढत्याल. माझं काय, नोकरी सरत आली."

"आणि गावात चोर म्हणतील त्याचं काय?"

त्यावर म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. पण उत्तर बदललं नाही. त्यांना घरी पाठवलं. पोटच्या लेकीसाठी माणूस गप्प बसलेला मी पाहिला होता. ही तर नात्याचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. त्या मुलीला भेटलो तर तिने उभ्याउभ्याच सांगितलं, "साहेब, आबा चोर नाहीत. माझ्या रिपोर्टातच काहीतरी चुकलंय. तसं लिहून घ्या, मी सही करते."

"काय चुकलंय?"

"तेच सापडत नाहीये हो," असं म्हणून ती रडायलाच लागली. दोघंही गुन्हा आपल्या अंगावर घ्यायला तयार आणि गुन्हा कोणता ते दोघांनाही ठाऊक नाही. मी म्हटलं, रिपोर्ट कसा तयार होतो ते मला पहिल्यापासून दाखवा.

तिने डोळे पुसले आणि दाखवलं. स्टोअरमधून माल गेला की चिठ्ठी येते. त्या चिठ्ठीवरून एका जाड कागदाच्या कार्डाला भोकं पाडतात. एक चिठ्ठी, एक कार्ड. महिन्याची सगळी कार्डं मशीनमध्ये घातली की ते भोकं वाचतं आणि तिने लिहून दिलेल्या हिशेबाप्रमाणे रिपोर्ट छापतं. मी ऐकत होतो, पण माझी नजर मशीनवर गेली. मशीनला हळदकुंकवाची बोटं होती. वर भिंतीवर देवीचा फोटो आणि त्याला झेंडूचा वाळलेला हार.

खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही रायफली मांडून पूजा होते. एका वर्षी हवालदाराने भक्तिभावाने इतकं कुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी रायफलीचा खटका सरकेना. तेव्हापासून पूजा झाली की हत्यारं पुसून ठेवायची, अशी माझी ताकीद असे. मी मशीन चालवणाऱ्याला विचारलं, "काय भाऊ, खंडेनवमीला पूजेत काय काय मांडलं होतं?"

"मशीन, टेबलं... आणि थोडी कार्डं."

"कुणाची?"

"आबांच्या स्टोअरची. आबांनीच हौसेनं मांडायला लावली. म्हणाले, पहिला रिपोर्ट माझ्या खात्याचा, कार्डं पण माझीच ठेवा."

"मग ती कुठे आहेत?"

त्याने स्टुलावर चढून फोटोच्या मागे हात घातला आणि एक गठ्ठा काढला. हळदकुंकवाचं पाणी पिऊन कार्डं फुगली होती, एकमेकांना चिकटली होती. पूजेनंतरच्या शिफ्टला हाच होता. त्याला वाटलं, पूजेला कोणी कामाची कार्डं थोडीच ठेवणार, जुनी असतील. ओली कार्डं मशीनमध्ये अडकली असती आणि पूजेतली वस्तू केराच्या टोपलीत टाकवेना. दिवाळीनंतर नदीत सोडू म्हणून त्याने ती देवीमागे ठेवून दिली होती.

ती सगळी माल दिल्याची कार्डं होती. दिलेला माल मशीनला कळलाच नाही, म्हणून तो त्याच्या लेखी रॅकवरच होता. पंचांसमोर मूळ चिठ्ठ्या काढल्या, नवी कार्डं बनवली, रिपोर्ट पुन्हा चालवला. मशीन खडखडत होतं तेव्हा आबा हात जोडून उभे होते, आणि ती मुलगी त्यांच्या कोटाची बाही धरून. रॅक आणि कागद तंतोतंत जुळले. आबा तिला म्हणाले, "बघ, म्या म्हनत व्हतो ना, तुझा रिपोर्ट खोटा न्हाई." सुरक्षा अधिकारी खिडकीबाहेर काहीतरी बघण्यात गुंतले.

त्यानंतर त्या मुलीने रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ वाढवली. चिठ्ठ्या किती आल्या आणि कार्डं किती वाचली, हे रिपोर्ट स्वतःच सांगू लागला. मी तिची ती युक्ती उचलली. पुढे निवृत्त होईपर्यंत कोणाचाही जबाब घेतला की सही घेण्याआधी विचारायचो, "काही सांगायचं राहिलंय का?" माणसं खोटं बोलतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा त्यांचं काहीतरी सांगायचं राहून गेलेलं असतं. कधी भीतीने, कधी दुसऱ्याच्या मायेने. ते राहिलेलं ऐकून घेतल्यामुळे माझ्या हातून काही निरपराध माणसं सुटली, याचं मला आजही समाधान आहे.

पुढच्या दसऱ्याला आबा त्या मुलीला घेऊन ठाण्यावर आले. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि मिस्कील हसून म्हणाले, "सोनं घ्या साहेब. नीट मोजून घ्या, न्हाईतर पुन्यांदा पिशवी तपासाल."

दसऱ्याला सोनं घेतलं की मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. वर्दीत असताना कोणापुढे वाकायचं नाही, हा आमचा रिवाज. मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि आबांच्या पाया पडलो. सगळं ठाणं बघत होतं. म्हटलं, बघू दे.