आठ तारखेची ईव्ह

कोलंबियात वर्षाला अठरा सार्वजनिक सुट्ट्या असतात आणि त्या मला क्रमानं पाठ आहेत. त्या देशात मी कधी गेलेले नाही. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी संशोधक कोलंबियाची होती आणि आमच्या प्रकल्पाचा अर्धा भाग तिच्या जुन्या विद्यापीठात चालत असे. तातडीनं पाठवलेल्या ईमेलला सोमवारी उत्तर येत नाही, असं वारंवार घडू लागलं, तेव्हा मी तिच्याकडून सगळ्या सुट्ट्या लिहून घेतल्या आणि माझ्या कॅलेंडरवर लाल रंगात भरल्या.

सोमवारांचं कारण तिनंच समजावलं. तिकडच्या कायद्यानं बरेचसे सण त्यांच्या मूळ तारखेवरून उचलून पुढच्या सोमवारी नेले आहेत, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे मिळतात. अशा सुट्टीला ते ‘पूल’ म्हणतात. पूल आला की लोक सामान बांधून गावाबाहेर पडतात आणि परतीच्या रस्त्यावर तासन्‌तास अडकून त्याच सरकारला नावं ठेवतात. मी सांगितलं की आमच्याकडे याला जोडून सुट्टी म्हणतात आणि ती जोडायला कायदा लागत नाही, रजेचा अर्ज पुरतो. यावर ती बराच वेळ हसली होती.

काही दिवस मात्र आपली तारीख सोडत नाहीत. वीस जुलै, त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्यातलाच. त्या दिवशी घराघरावर झेंडा लागतो. आठ डिसेंबरही तसाच. तो दिवस येशूच्या आईचा, मेरीचा, आणि त्याच्याबरोबर मेणबत्त्यांचा सण येतो. दारात, खिडकीत, फुटपाथच्या कडेनं मेणबत्त्या लावायच्या, आपल्या प्रत्येक माणसासाठी एक, त्याचं नाव घेऊन. इथे ती हा सण भाड्याच्या घराच्या पायऱ्यांवर करायची. दोन वर्षं तिनं मला बोलावलं आणि दोन्ही वर्षं मी नाही म्हटलं. पहिल्या वर्षी शोधनिबंधाची मुदत होती. दुसऱ्या वर्षी काहीच नव्हतं. फक्त मोकळी संध्याकाळ घालवणं मला तेव्हा कामाशी अप्रामाणिकपणा वाटत असे.

मराठी मंडळाच्या दिवाळीलाही मी याच तत्त्वानं जात नव्हते. मंडळातल्या एका काकूंनी एकदा फोनवर विचारलं होतं, “अगं, तुझ्या त्या पेशींना दिवाळीची सुट्टी नसते का?” पेशींना दर दोन दिवसांनी नवं पोषकद्रव्य द्यावं लागतं, हे मी त्यांना गांभीर्यानं समजावलं. पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला नाही. हळूहळू या गावात मला घरी बोलावणारं एकच माणूस उरलं, आणि त्या डिसेंबरात तिचीही इथल्या नेमणुकीची मुदत संपत होती. तिनं टेबल आठवडाभर आधीच रिकामं केलं होतं आणि दहा तारखेला ती कायमची परत जाणार होती. तिचा इंग्रजी निरोप आला: “आठची ईव्ह, सहा वाजता. आता तरी नाही म्हणू नकोस.” मी लगेच होकार कळवला.

पुण्यात कॉलेजात असताना आम्ही ‘ईव्ह’ हे ‘इव्हिनिंग’चंच आखूड रूप म्हणून वापरायचो. संडे ईव्हला भेटू, म्हणजे रविवारी संध्याकाळी. त्यामुळे आठची ईव्ह म्हणजे आठ तारखेची संध्याकाळ, यात मला शंका आली नाही. कॅलेंडरवरही आठच लाल होती. दोन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते, म्हणून मी तिसरा शोधला नाही. हाताखालच्या विद्यार्थ्याला मी हे चालवून घेतलं नसतं.

सात तारखेला मी सूक्ष्मदर्शकापाशी होते. साडेसहाच्या सुमाराला तिचा निरोप आला, “येते आहेस ना?” मी “अर्थात” असं लिहिलं आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवला.

आठला मी दुपारीच काम थांबवलं, नारळाच्या वड्या केल्या, बस पकडली आणि सहाला पाच मिनिटं असताना तिच्या दारात पोचले. पायऱ्यांवरचं बर्फ नीट झाडलेलं होतं आणि प्रत्येक पायरीवर मेणाचे पसरट, विझलेले ठिपके होते. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात खोके बंद करायची चिकटपट्टी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

“ईव्ह म्हणजे आदला दिवस,” ती हळू म्हणाली. “काल आम्ही तुझ्यासाठी सातपर्यंत थांबलो. तू अर्थात म्हणालीस ना. अठरा सुट्ट्या पाठ असलेली बाई चुकेल कशी?”

मी सुचवलं की आता पुन्हा लावू, दोनच लावू. ती म्हणाली, आजचा दिवस सुट्टीचा. लावायचं ते आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी लावलेल्याला काही अर्थ नसतो. ती हे रागानं बोलली नाही, आणि म्हणूनच मला वाद घालता आला नाही. मग तिनं सांगितलं की उद्या घर सोपवायचं आहे, त्याआधी हे मेण काढावं लागेल.

ती आतून दोन बोथट सुऱ्या घेऊन आली आणि आम्ही खालच्या पायरीपासून सुरुवात केली. थंडीत मेण आकसतं, लाकडावरची पकड सोडतं. सुरीचं टोक कडेखाली सरकवलं की अख्खी चकती सुटून येते. तिनं काल कोण कोण आलं होतं ते सांगितलं, मी वड्या जरा कडक झाल्याचं सांगितलं. मधल्या पायरीवर आल्यावर तिनं न विचारताच म्हटलं, “तुझ्या नावाचीही लावली होती.”

“कुठली?”

तिनं पायऱ्यांवरून नजर फिरवली. “याच ओळीतली असेल. आता सगळ्या सारख्याच दिसतात.”

मी त्या पायरीवरच्या चकत्या एकेक करून काढल्या, एकही तुटू न देता, आणि तिनं पुढे धरलेल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या.