माझ्या रक्ताचा निकाल

अमडापूरच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासायच्या कामावर होते. नवरा जाऊन तीन महिने झाले आणि आमच्याकडे सर्वेक्षण आलं. कोरोना किती लोकांना नकळत होऊन गेला, ते रक्तातल्या अँटिबॉडीवरून शोधायचं होतं. लस तेव्हा अजून आली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सुट्टी हवी असेल तर घ्या." मी नको म्हटलं. घरी बसून तरी काय करणार होते?

नवऱ्याचं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. आधारकार्ड घेऊन, सातबारा घेऊन दिवसभर माणसं यायची. बंद ठेवा म्हणून मी मागे लागले होते. त्यांनी ऐकलं नाही. ताप आला त्या सकाळी कपाळाला हात लावून मी पहिलं काय बोलले, तर "सांगितलं होतं ना मी." ते भिंतीकडे वळून झोपले. चार दिवस घरी त्यांचं सगळं मीच केलं. मग बुलढाण्याला भरती केलं. नवव्या दिवशी फोन आला.

मला या सगळ्यात साधी शिंकही आली नाही. आजार दुकानातून आला, हे सगळी गल्ली धरून चालली होती. सासूबाईही. मीही.

सर्वेक्षणाला गाडी घेऊन आम्ही खेडोपाडी फिरलो. उंद्रीला एक म्हातारी ओट्यावर बसून बाही वर करत म्हणाली, "यातून काय समजते वं बाई?"

"आजार होऊन गेला का, ते."

"कोणापासून झाला, हे बी समजते काय?"

"नाही, आजी."

मी सुई टोचली, नळी भरली, नंबर चिकटवला, पुढच्या घरी गेले. असे कितीतरी हात धरले. एकही चेहरा आता आठवत नाही.

दवाखान्यातल्या लोकांचंही रक्त घ्यायचं होतं. आमच्या सिस्टरनं माझं घेतलं. माझी नळी मीच इतर नळ्यांत ठेवून दिली.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. "तुमच्यात अँटिबॉडी आहेत," ते म्हणाले. "होऊन गेलाय तुम्हाला."

"केव्हा, सर?"

"ते यात कळत नाही. काही त्रास झाला होता?"

"नाही."

"बऱ्याच जणांना होत नाही."

मी उभीच राहिले. मग विचारलं, "माझ्यापासून त्यांना झाला असेल?"

त्यांनी चष्मा काढला. "असेलही. नाहीतर त्यांच्यापासून तुम्हाला. चार दिवस तुम्हीच करत होता ना त्यांचं? आता कोणीच सांगू शकणार नाही."

मी बरं म्हणून बाहेर आले आणि राहिलेल्या नळ्या पुसून लावल्या. दवाखान्यात त्या दिवसांत माझ्यासमोर कोण कोण खोकलं, ते आठवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

घरी सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आत्याबाई, मला होऊन गेला होता."

"काय?"

"कोरोना. रक्तात निघाला."

त्यांचे हात चालूच होते. "तुले तं शिंक बी आली नाही."

"काहींना कळत नाही म्हणतात."

त्यांनी हातातली शेंग फोडली. "म्हंजे, तूनं आणला?"

"माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"मी तं इतके दिवस त्या दुकानालेच शिव्या देऊन राह्यली होती."

"मी त्यांना तोंडावर बोलले," मी म्हणाले.

आता रडू येईल असं वाटलं. मी त्याची वाट पाहत बसले. आलं नाही. त्यांनी थोड्या शेंगा माझ्याकडे सारल्या आणि मीही सोलायला लागले.

थोड्या वेळानं त्यांनी दंड पुढे केला. "माहं बी रक्त घे. मी कुठं कुठं जाऊन येत होती, बाजारात, देवळात. तूनंच आणला असंन, असं काऊन?"

"तुमचं नाव यादीत नाही, आत्याबाई."

"मंग राहू दे," असं म्हणून त्यांनी पदर नीट केला.

त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. पण त्यानंतर गल्लीतलं कोणी दुकानाचा विषय काढला, की त्या म्हणायच्या, "कोठून आला काय माहीत." मग मी भांडी घेऊन आत जायचे.