थोटेसाहेबाच्या दगडासाठी

अमेरिकेत, हर्नडनच्या तिच्या घरून निघतानाच माझ्या लेकीनं, शलाकानं, बजावलं, "पप्पा, तिथे आर्ग्यू करायचं नाही हं." मी मान हलवली. खरं तर मी भांडायलाच निघालो होतो.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावाबाहेर थोटेसाहेबाची विहीर आहे. हा साहेब अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्ध लढला, उजवा हात गमावून बसला आणि पुढे मिशनरी होऊन आमच्याकडे आला. गावच्या विहिरीला आमच्या वस्तीनं शिवायचं नाही, असा तो काळ. त्यानं वस्तीसाठी विहीर खणवली. त्याचा धर्म थोड्यांनी घेतला, पाणी सगळ्यांनी. शेवटी आजारी पडून तो मायदेशी परतला. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या थडग्याचा फुटका दगड आता बदलणार आणि नव्यावर नुसतं 'सैनिक' लिहिणार, हे शलाकानं इंटरनेटवर वाचलं. माझं डोकंच फिरलं.

मक्याची शेतं, लाल कोठारं मागे टाकत आम्ही निघालो. जीपीएसनं एकदा थेट कुणाच्या तरी गोठ्यात नेलं. गाईंनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही गाईंकडे, आणि गाडी वळवली.

साहेबाची पणती, ऐंशीच्या घरातल्या मार्थाबाई, दारातच उभ्या होत्या. थडगं दाखवून त्यांनी आम्हांला जेवायला बसवलं.

"लढाईचं आम्हांला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तिकडे त्यांनी काय केलं, ते कुणालाच नाही. माहीत नाही ते दगडावर कसं लिहू?"

ताटात घेवड्याची उसळ आणि कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाची जाड भाकरीच म्हणा). मार्थाबाईंनी एक कांदा टेबलावर ठेवला आणि त्यावर दणकन बुक्की मारली.

"आमच्या घरची रीत. पणजोबांना एकच हात, सुरी कशी चालवणार?"

मला हसू आवरेना. दुसरा कांदा घेऊन मीही बुक्कीनं फोडला आणि आतला गाभा त्यांच्या ताटात ठेवला. "बाई, आमच्याकडे दोन हातांची माणसंही कांदा असाच फोडतात. तुमचे पणजोबा हे आमच्या वस्तीत शिकले."

त्यांचा घास हातातच राहिला. मग मी विहिरीबद्दल, तिथून घागरी भरणाऱ्या माझ्या पणजीबद्दल सगळं सांगितलं.

"अजून पाणी आहे तिला?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऐन उन्हाळ्यातसुद्धा."

गावी परतल्यावर काही दिवसांनी शलाकानं नव्या दगडाचा फोटो पाठवला. 'सैनिक' या शब्दाखाली आणखी एक ओळ होती: 'यांच्या विहिरीला अजून पाणी आहे.' मी ती आईला मराठीत वाचून दाखवली. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"तिकडं त्यांना हे कुणी सांगितलं रं?"

"मी," म्हणालो. खोटं कशाला बोलू, छाती फुगवूनच म्हणालो.