दारिंकाची चुन्याची बादली

आमचा शेजारी स्वेतोझार भोपळ्याच्या वेलाशी बोलतो, यात मला काही वावगं वाटत नाही. बायको गेल्यावर माणूस कुणाशी तरी बोलणारच. पण वेल ऐकत नाही म्हणून तो रुसायचा आणि कुंपणाशी येऊन माझं डोकं खायचा, त्याचा मात्र मला वैताग होता.

भोपळा दारिंकाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. बियाणं तिच्या माहेरचं. बाहेरून राखाडी, ओबडधोबड, अगदी स्वेतोझारसारखा. आत मात्र केशरी आणि गोड. हिवाळ्याच्या तोंडावर, मृतांच्या शनिवारी, आम्ही आपापल्या माणसाच्या थडग्यापाशी खायला नेतो आणि तिथेच वाटून खातो. दारिंकाच्या थडग्यापाशी तिच्याच भोपळ्याचा बुंदेवारा न्यायचा, कागदासारख्या पातळ पोळीत किसलेला भोपळा आणि साखर गुंडाळून भाजलेला, एवढीच त्याची इच्छा होती. पण ती गेल्यापासून दरवर्षी बाजारातलाच भोपळा आणावा लागत होता. वेल फुलायचा, बोटाएवढं फळ धरायचं आणि पिवळं पडून गळायचं. पानंही पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. गेल्या वसंतात त्याने पुरचुंडीतल्या शेवटच्या बिया लावल्या. त्या वाया गेल्या असत्या तर वाणच संपला असता.

मग काय, मिळेल ते मातीत. डोंगराकडच्या खाणीतली काळ्या दगडाची भुकटी झाली, जस्त झालं, लोह झालं. ‘सूक्ष्म अन्नद्रव्यं’ हे शब्द तो असे उच्चारायचा, जणू पाद्रीबाबाच मंत्र म्हणताहेत. बोरॉनसाठी टाकणखार चिमूटभर पुरतो; याने मूठभर टाकला. पानांच्या कडा करपल्या.

“अरे, अति तिथं माती!” मी कुंपणावरून ओरडले.

“तू तुझे टोमॅटो सांभाळ, मिलुंका.”

शेवटी मीच शेतकी केंद्रातल्या तियानाला बोलावून आणलं. गुणी पोरगी. तिने पिशवीतून आम्लाची छोटी बाटली काढली आणि मातीवर दोन थेंब टाकले. माती फसफसली.

“काका, इथं चुना कोण टाकतं?”

“ईस्टरच्या आधी घराला चुना देतो ना, त्यातला,” स्वेतोझार छाती काढून म्हणाला. “दारिंका टाकायची. आता मी टाकतो.”

“तेच चुकतंय. जस्त, लोह सगळं आहे तुमच्या मातीत. पण चुन्याने धरून ठेवलंय, मुळांना मिळतच नाही. वरून कितीही घाला. चुना बंद करा, आणि यंदापुरतं लोह-जस्त पानांवर फवारा. अगदी पातळ करून.”

स्वेतोझारचं तोंड लालबुंद झालं. “दारिंकाचे भोपळे कवेत मावायचे नाहीत! आणि तू मला सांगतेस तिला कळत नव्हतं?”

तियानाला त्याने कॉफीसुद्धा विचारली नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी मीच कॉफी घेऊन त्याच्याकडे गेले. माझाही राग नाकावरच असतो, पण म्हटलं, आज गिळायचा.

“दारिंका किती चुना टाकायची रे?”

“बादलीच्या तळाशी उरेल तेवढा. मी बादली भरून टाकतो. मुद्दाम जास्त कालवतो.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “बाबा रे, ते काही औषध नव्हतं. तिची पाठ दुखायची. रस्त्याकडेच्या चरापर्यंत बादली नेववायची नाही तिला. वाफा जवळ, म्हणून तिथं ओतायची. मी विचारलं होतं तिला.”

“पाठ?” तो म्हणाला. “मला कधी बोलली नाही.”

“बोलली असती तर तू तिच्या हातातला कुंचला काढून घेतला असतास. घर पांढरं करायला तिला किती आवडायचं, ठाऊक आहे ना?”

तो कपात बघत बसला. कॉफी गार झाली. “मला वाटायचं,” तो म्हणाला, “तिला मातीतलं असं काहीतरी कळतं, जे मला कळत नाही.” त्या थेरड्याची मला त्या क्षणी इतकी माया आली की मी त्याला दुसरी गरम कॉफी करून दिली.

त्याने फवारणी केली, तियानाने सांगितली तशीच. नवी पानं हिरवी आली. एकच फळ टिकलं. त्याच्याखाली त्याने पेंढा घातला आणि कोंबड्यांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. मृतांच्या शनिवारी बुंदेवारा स्वतःच भाजून आणला. एका कडेला करपला होता, पण थडग्यापाशी सगळ्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला. तियानाला तर त्याने स्वतःच्या हाताने प्लमची दारू ओतून दिली. बिया वाळून पुरचुंडीत परत गेल्या.

यंदा ईस्टरच्या आधी त्याने घराला चुना दिला. बादलीत थोडा उरला. सवयीने तो वाफ्याकडे निघाला आणि कडेला थबकला. मग वळला आणि लांबलचक अंगण ओलांडून फाटकाकडे चालू लागला. मी माझ्या दारातून बघत होते. अर्ध्या वाटेवर त्याने बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात दाबला.

“काय रे, काय झालं?” मी विचारलं.

त्याने मागे वाफ्याकडे पाहिलं, मग पुढे चराकडे.

“लांब आहे गं,” तो म्हणाला. “केवढं लांब आहे हे!”