किल्ल्याची किल्ली

आयर्लंडमधल्या आमच्या गावात बॅरो नदीवरच्या पुलाशी किल्ल्याचा एकच बुरूज उरलाय. बाकीचा इंग्रजांच्या तोफांनी पाडला, असं शाळेत शिकवतात. आमचे आजोबा म्हणायचे, "तोफा कसल्या! आपल्याच लोकांनी दगड पळवून डुकरांची खोपटी बांधली."

बुरुजाच्या दारावर पाटी होती : ‘किल्ली शेजारच्या घरी मिळेल.’ ते घर डिम्फ्ना कीहोचं. तिच्या पलीकडे, भिंतीला भिंत लागून, माझं. किल्ली आधी तिच्या आईकडे होती. आईनं अंथरूण धरलं तशी डिम्फ्नाकडे आली.

तेव्हा नदीतून साखर कारखान्याचं बीट भरलेले पडाव, मालाच्या मोठ्या होड्या, जायचे. एका पडावावरचा मॅलकी डोरन गावात थांबला की किल्ली मागायला यायचा.

"काय रे, अजून बघून झाला नाही का बुरूज?" डिम्फ्ना विचारायची.

"मोठा आहे गं. एका खेपेत काय होतंय!"

सगळा घाट हसायचा. त्या बुरुजात एक जिना आणि पारव्यांची घाण, याखेरीज काही नव्हतं.

पुढे मालाची वाहतूक लॉऱ्यांवर गेली आणि पडाव बंद झाले. मॅलकी लिव्हरपूलला निघाला. जाण्याआधी दारात उभा राहून म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

"आईला कोण बघेल?"

"तिलाही नेऊ."

"ती पलंगावरून खिडकीपर्यंत जात नाही, समुद्र काय ओलांडणार!"

तो गेला. तिकडे त्यानं लग्न केल्याचं दोन वर्षांनी कळलं. डिम्फ्ना त्या दिवशी ताकातला पाव भाजत होती. "बरं झालं," एवढंच म्हणाली. पाव मात्र करपला.

आई गेली आणि घर रिकामं झालं. तरी उन्हाळ्यात किल्लीसाठी माणसं यायची. पूर्वजांच्या शोधात आलेले अमेरिकन यायचे, त्यांना ती बसवून चहा पाजायची. "नाक अगदी नोलन घराण्याचं आहे हो तुमचं!" म्हणायची. माणूस सुखावून जायचा. मी एकदा म्हटलं, "अगं, त्याचं आडनाव मर्फी होतं."

"असू दे. तेवढाच अर्धा तास जास्त बसला."

मग सरकारी खात्यानं बुरूज दुरुस्त केला आणि आपोआप उघडणारं फाटक बसवलं. एक साहेब येऊन फार अदबीनं किल्ली घेऊन गेले. पाटीही निघाली. लोक तिच्या खिडकीवरून थेट बुरुजात जायला लागले. मी हाक मारली की "येते गं" म्हणायची आणि यायची नाही.

त्या हिवाळ्यात नदी घाटावर चढली. आम्हां सगळ्यांना शाळेच्या सभागृहात हलवलं. तिथं डिम्फ्ना वेगळीच बाई दिसली. सूप वाढत होती, म्हाताऱ्यांशी पत्ते खेळत होती, कुणाचं तान्हं मांडीवर घेऊन फिरत होती. मला म्हणाली, "पाणी सावकाश उतरलं तरी चालेल बाई."

पाणी उतरलं. जो तो चिखल उपसायला घराकडे पळाला. ती मागे राहून लोकांची पांघरुणं घडी करत होती. शेवटी मीच तिला हाताला धरून आणलं.

"दर रविवारी आमच्याकडे जेवायचं," मी बजावलं. दोन रविवार आली. कोट न काढता बसली, विचारलं तेवढंच बोलली. तिसऱ्या रविवारी आली नाही म्हणून मी गेले.

"राग आला का कशाचा?"

"छे गं. तुम्ही सगळे एकमेकांचं बोलणं अर्ध्यात उचलता. मला कुठून आत शिरावं तेच कळत नाही."

आता दुपारी मीच तिच्याकडे जाऊन बसते. कधी ती तासभर बोलते, कधी नुसतं "आज वारा आहे" म्हणते. मी उठले की ती थांब म्हणत नाही. पण माझा कप लगेच विसळत नाही. दुसऱ्या दिवशी गेले की तो तसाच टेबलावर असतो.